खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि फुगायचा थांबलेला फुगा: अभिक्रियेतल्या वजनांचा हिशेब नेमका कसा करावा?

कैरीचे_पन्हे

नमस्कार. माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञान शाखेत आहे. अभिक्रियाकारके आणि उत्पादिते यांच्या वजनांची गणिते तिला सुटतात, म्हणजे उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळते; पण आपण मधल्या पायऱ्यांमध्ये काय केले आणि का केले, हे विचारले की ती गप्प होते. माझे स्वतःचे रसायनशास्त्र दहावीला समीकरण संतुलित करण्यापाशी थांबलेले असल्यामुळे मलाही ते सांगता येईना. म्हणून गेल्या रविवारी आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातच एक प्रयोग करून पाहिला आणि त्यातून सुटण्याऐवजी प्रश्न वाढले.

एक लिटरच्या चार रिकाम्या बाटल्यांमध्ये प्रत्येकी १०० मिलिलिटर व्हिनेगर घेतले. व्हिनेगरच्या लेबलवर ॲसेटिक आम्ल ४ टक्के असे छापलेले आहे. एकाच पाकिटातल्या चार फुग्यांमध्ये अनुक्रमे ३, ६, ९ आणि १२ ग्रॅम खाण्याचा सोडा भरला, फुगे बाटल्यांच्या तोंडावर ताणून बसवले आणि मग उलटे करून सोडा आत पाडला. फेस खाली बसल्यावर बाटल्या हलवून घेतल्या, अर्धा तास थांबलो आणि शिवणकामाच्या टेपने फुग्यांचे परीघ मोजले. पहिला ३६ सेंटिमीटर भरला, आणि पुढचे तिन्ही ४५ सेंटिमीटर. टेप इकडेतिकडे सरकल्याने अर्ध्या सेंटिमीटरची चूक असेल, त्याहून जास्त नाही.

आता प्रश्न असे आहेत. पहिला: सोडा ६ ग्रॅमच्या पुढे वाढवला तरी फुगा का वाढत नाही, आणि तो नेमका कोणत्या वजनाला थांबतो हे आधी सांगता येईल का? मुलीचे म्हणणे असे, की समीकरणात सोडा आणि आम्ल एकास एक आहेत, १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ४ ग्रॅम आम्ल आहे, म्हणून ४ ग्रॅम सोड्यालाच फुगा थांबायला हवा. दुसरा: ३ ग्रॅमचे ६ ग्रॅम केले तेव्हा फुगा ३६ वरून ७२ सेंटिमीटर का झाला नाही? आणि तिसरा, ज्याने माझी झोप उडवली आहे. सोडा पाडण्याआधी आणि नंतर प्रत्येक बाटली फुग्यासकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली होती. काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो. पहिल्या बाटलीचे वजन नंतर १ ग्रॅमने आणि उरलेल्या तिघींचे २ ग्रॅमने कमी भरले. वायू गळत असेल म्हणून फुग्याच्या तोंडाशी साबणाचे पाणी लावून पाहिले, पण एकही बुडबुडा आला नाही. बंद बाटलीतले द्रव्य गेले कुठे?

झटपट_उत्तर

तुमच्या मुलीचे बरोबर आहे. समीकरणात एकास एक असेल तर वजनेही सारखीच घ्यायची. फुगे रबरी असल्याने एका मर्यादेपलीकडे ताणले जात नाहीत, त्यामुळे तो ६ ग्रॅमला थांबला असावा. वजन कमी झाले म्हणजे वायू गळला, दुसरे काही असू शकत नाही.

निवृत्त_फळा

झटपट_उत्तर यांचा प्रतिसाद तिन्ही मुद्द्यांवर चुकलेला आहे, पण पहिली चूक इतकी सार्वत्रिक आहे (कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे शिकवताना दर वर्षी निम्म्या वर्गाने ती माझ्यासमोर केली आहे) की तिच्यापासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल.

समीकरण असे आहे:

सोडिअम बायकार्बोनेट + ॲसेटिक आम्ल → सोडिअम ॲसेटेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

यातले 'एकास एक' हे नगांचे प्रमाण आहे, वजनाचे नाही. हार्डवेअरच्या दुकानात नट आणि बोल्ट किलोवर मिळतात. एका बोल्टला एक नट लागतो हे खरे, पण म्हणून एक किलो बोल्ट आणि एक किलो नट घरी आणले तर बोल्ट संपून जातील आणि नट पिशवीत उरतील, कारण एका किलोत जड बोल्ट थोडे येतात आणि हलके नट पुष्कळ येतात. दुकानदाराला एका बोल्टचे आणि एका नटाचे वजन ठाऊक असेल, तर तो एकही नग न मोजता, केवळ तराजूवर, तुम्हाला बरोबर जोड्या जुळतील एवढा माल देऊ शकेल. रसायनशास्त्रात ही नगाची वजने म्हणजे रेणुवस्तुमाने, आणि शेकडा किंवा डझन यांच्या जागी जो गठ्ठा येतो तो मोल. एका मोलमध्ये सुमारे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. २०१९ पासून मोलची व्याख्याच या ठरवून दिलेल्या आकड्याने केली जाते, मात्र आपल्या हिशेबात तो आकडा एकदाही वापरावा लागणार नाही, आणि मोलची सगळी सोय त्यातच आहे.

सोडिअम बायकार्बोनेटमध्ये सोडिअमचे २३, हायड्रोजनचा १, कार्बनचे १२ आणि तीन ऑक्सिजनचे ४८ मिळून ८४ होतात. ॲसेटिक आम्लात दोन कार्बनचे २४, चार हायड्रोजनचे ४ आणि दोन ऑक्सिजनचे ३२ मिळून ६०. म्हणजे ६० ग्रॅम आम्लाला ८४ ग्रॅम सोडा पुरा पडतो. डावीकडची बेरीज १४४ झाली. उजवीकडे सोडिअम ॲसेटेट ८२, पाणी १८ आणि कार्बन डायऑक्साइड ४४, बेरीज पुन्हा १४४. ही बेरीज जुळली नाही तर पुढे एक पाऊलही टाकू नये, हे मी मुलांना सतत सांगत असे.

आता तुमची बाटली. ४ टक्के व्हिनेगरच्या १०० मिलिलिटरमध्ये ४ ग्रॅम आम्ल, ४ भागिले ६० म्हणजे ०.०६६७ मोल. तेवढेच मोल सोडा लागणार, म्हणून ०.०६६७ गुणिले ८४, म्हणजे ५.६ ग्रॅम. फुगा ४ ग्रॅमला नाही आणि ६ ग्रॅमलाही नाही, तर ५.६ ग्रॅमला थांबतो. पहिल्या बाटलीत सोडा ३ ग्रॅमच होता, तो आधी संपला आणि आम्ल उरले. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीत आम्ल आधी संपले आणि सोडा उरला. आधी संपणाऱ्या पदार्थाला मर्यादी अभिक्रियाकारक म्हणतात आणि उत्पादितांचा सगळा हिशेब त्याच्यावरून करायचा असतो. परीक्षेत मुले वजनाने कमी असलेला पदार्थ मर्यादी धरून मोकळी होतात. तुमच्याच प्रयोगात याचे छान उत्तर आहे: ४ ग्रॅम आम्लासोबत जर ५ ग्रॅम सोडा घेतला असता, तर वजनाने जास्त असूनही सोडाच आधी संपला असता. म्हणून दोन्ही पदार्थांचे आधी मोल काढावेत, प्रत्येकाला समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने (संतुलित समीकरणात त्याच्यापुढे येणाऱ्या आकड्याने) भागावे आणि जो भागाकार लहान येईल तो मर्यादी मानावा. येथे सहगुणक एक असल्याने भागण्याची पायरी दिसत नाही, पण दोन हायड्रोजनला एक ऑक्सिजन लागणाऱ्या अभिक्रियेत ती वगळली की उत्तर चुकलेच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात नसून भूमितीत आहे. वायूचे घनफळ वाढते; परीघ हा त्या घनफळाच्या घनमूळाच्या प्रमाणात वाढतो. फुगा गोल मानला (तो थोडा नासपतीसारखा असतो, तरी चालेल) तर परीघाचा घन करून त्याला ५९ ने भागले की घनफळ मिलिलिटरमध्ये मिळते. ३६ सेंटिमीटरला सुमारे ७९० मिलिलिटर येतात आणि ४५ सेंटिमीटरला सुमारे १५४० मिलिलिटर. म्हणजे फुगा १.९५ पट झाला. हिशेबाने तो ५.६ भागिले ३, म्हणजे १.८७ पट व्हायला हवा होता. शिवणकामाच्या टेपने केलेल्या मोजणीत याहून अधिक काय हवे?

घनफळाचा आकडाही आधी काढता येतो. २५ अंश सेल्सिअसला आणि नेहमीच्या वातावरणीय दाबाला कोणत्याही वायूचा एक मोल साडेचोवीस लिटर जागा व्यापतो. ०.०६६७ मोल वायूचे १.६३ लिटर होतात, तुम्हाला १.५४ मिळाले. उरलेल्या ९० मिलिलिटरपैकी बराचसा वायू द्रावणातच विरघळून बसला आहे, कारण खोलीच्या तापमानाला पाणी आपल्या घनफळाच्या पाऊणपटीइतका शुद्ध कार्बन डायऑक्साइड पोटात घेऊ शकते. थोडा हिस्सा रबराच्या ताणामुळे फुग्यात वाढलेल्या दाबाचा आणि थोडा तुमच्या टेपचा. पुस्तकी गणितात हे काहीच येत नाही, म्हणून मुलांना वाटते की प्रयोग चुकला.

आता तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत आवडला. वायू गळलेला नाही आणि द्रव्य अक्षय्यतेचा नियमही मोडलेला नाही. फुग्याने फुगताना स्वतःच्या घनफळाइतकी खोलीतली हवा बाजूला सारली. पाण्यात बुडलेल्या वस्तूला पाणी जसे वर उचलते, तसेच हवाही फुग्याला वर उचलते, आणि उचलते ते बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतके. तुमच्याकडच्या हवेच्या एका लिटरचे वजन १.१७ ग्रॅमच्या आसपास धरू. १.५४ लिटर फुग्यासाठी ते १.८ ग्रॅम होते, काट्याने २ दाखवले. ०.७९ लिटर फुग्यासाठी ०.९ ग्रॅम, काट्याने १ दाखवला. तुमच्या काट्याने चूक केली नाही, उलट नकळत फुग्याचे घनफळ मोजून दिले. बंद भांड्याचे वजन बदलत नाही हे लाव्हॉझिए यांनी अठराव्या शतकात दाखवले ते काचेच्या न फुगणाऱ्या भांड्यांमध्ये. त्यांनी रबरी फुगा घेतला असता तर त्यांचीही झोप उडाली असती.

जाता जाता एक गोष्ट. या सगळ्या हिशेबाला इंग्रजीत जे 'स्टॉइकिओमेट्री' असे अवघड नाव आहे, ते येरेमियास रिश्टर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १७९२ च्या सुमारास ग्रीक शब्दांवरून बनवले: मूलतत्त्व आणि मोजणे. रिश्टर यांना अणू, रेणू, मोल यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. किती आम्लाला किती अल्कली पुरते, याचीच मोजमापे ते करत बसले होते. तुम्ही दोघींनी रविवारी केले ते जवळजवळ तेच.

कैरीचे_पन्हे

सर, आपले मनापासून आभार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलीला वाचून दाखवले तेव्हा ती प्रथम हसली आणि मग तिने वही घेऊन १.१७ ने गुणाकार केला. नट-बोल्टचे उदाहरणही तिला पटले आहे, पण आता तिची नवी शंका अशी आहे की लेबलवरचे ४ टक्के आपण खरे धरले; आणि सोड्याच्या पाकिटातला सोडा शंभर टक्के शुद्ध आहे, हेही गृहीतच धरले. प्रत्यक्ष कारखान्यांत टनांनी माल येतो तेव्हा हे हिशेब कसे करतात?

गाळप_हंगाम

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट आहे. हा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला असल्याने लिहितो.

उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी त्यात चुन्याचे दूध आणि गंधक जाळून मिळवलेला सल्फर डायऑक्साइड सोडतात. दोघांचा मिळून कॅल्शिअम सल्फाइट हा साका बनतो आणि रसातली घाण सोबत घेऊन खाली बसतो. कागदावरचा हिशेब सोपा आहे. गंधकाचे ३२, चुनकळीचे ५६, दोन्हींचे प्रमाण एकास एक, म्हणून एक किलो गंधकाला पावणेदोन किलो चुनकळी. पण भट्टीवरून येणाऱ्या चुनकळीत न भाजलेली चुनखडी असते, खडे-माती असते, आणि ट्रक पावसात सापडला तर वाटेतच विरलेला चुनाही असतो. म्हणून गाडी आली की पहिल्यांदा नमुना प्रयोगशाळेत येतो आणि त्यात कामाची चुनकळी किती टक्के आहे हे आम्ही अनुमापनाने (माहीत तीव्रतेचे आम्ल थेंबाथेंबाने घालून) काढतो. समजा ती ८० टक्के निघाली, तर पावणेदोनला ०.८ ने भागायचे: २.१९ किलो. येथे नवीन माणूस हमखास गुणाकार करतो आणि १.४ किलो काढतो. माल अशुद्ध असेल तर जास्त घ्यावा लागणार, कमी नाही, एवढा विचार मनात असला तरी ही चूक टळते.

एवढे करूनही त्या आकड्यावर विसंबून कोणी झडप उघडत नाही. चुना रसातल्या फॉस्फेटबरोबर आणि सेंद्रिय आम्लांबरोबरही खर्च होतो, काही वायू न विरघळता निघून जातो आणि ऊस दर दिवशी वेगळा असतो. शेवटचा निर्णय सामूचा (पीएचचा): सल्फिटेशननंतर, म्हणजे हा वायू सोडून झाल्यावर, रसाचा सामू ७ च्या जवळ राहिला पाहिजे. हिशेब आपल्याला सांगतो की दिवसभरासाठी किती माल लागेल आणि कुठे काही बिघडले तर ते ओळखायचे कसे. परवाच चुन्याच्या मानाने गंधक हिशेबापेक्षा पुष्कळ जास्त लागू लागले, तेव्हा आम्ही आधी चुन्याकडे न बघता गंधकाच्या भट्टीकडे गेलो.

उत्पादिताच्या बाजूचा हिशेब आसवनीत दिसतो. ग्लुकोजपासून अल्कोहोल बनण्याच्या समीकरणात १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे वजनाने ५१.१ टक्के अल्कोहोल. एक टन मळीत आंबवण्याजोगी साखर ४५ टक्के आहे असे धरू. ४५० किलोचे २३० किलो अल्कोहोल, आणि त्याची घनता ०.७८९ असल्याने २९१ लिटर. हा आकडा कमाल मर्यादा आहे. यीस्ट ही जिवंत वस्तू आहे, ती स्वतः वाढण्यासाठी थोडी साखर वापरते आणि थोडे ग्लिसरॉल वगैरे बनवते; सर्व काही आदर्श असले तरी सुमारे पाच टक्के साखर अशी जाते, हे लुई पाश्चर यांच्या काळापासून माहीत आहे. प्रत्यक्षात ९० टक्के साधले, म्हणजे २६२ लिटर मिळाले, तर आमच्याकडे समाधान मानतात. शाळेच्या पुस्तकातला 'उत्पादन टक्केवारी' हा शब्द म्हणजे हेच: मिळालेले भागिले मिळू शकणारे. एखाद्याने ३०० लिटर मिळाल्याचा अहवाल आणला, तर त्याचे अभिनंदन करण्याआधी त्याने मळीचे वजन किंवा साखरेची टक्केवारी कशी मोजली हे विचारावे लागते, कारण समीकरणापेक्षा जास्त माल कोणत्याही टाकीतून निघत नाही.

आपल्या व्हिनेगरबद्दल: लेबलवर विसंबायचे नसेल तर लेबल बाजूला ठेवा आणि उलटा हिशेब करा. सोडा एकेक ग्रॅमने वाढवत फुगा कुठे थांबतो ते पाहा. तिथून आम्ल किती होते ते तुम्हालाच कळेल. खाण्याचा सोडा सहसा चांगला शुद्ध असतो, पाकीट ओलसर होऊन गोळे झालेले नसले म्हणजे झाले.

निवृत्त_फळा

गाळप_हंगाम यांनी भागाकार-गुणाकाराची जी चूक दाखवली ती सोन्यासारखी आहे, पुढच्या वेळी मी उदाहरण म्हणून उचलणार आहे.

कैरीचे_पन्हे, तुमच्या त्या चार बाटल्या अजून फेकल्या नसतील तर एक सोपी परीक्षा घ्या. फुगे काढून टाका. १२ ग्रॅमच्या बाटलीत आणखी व्हिनेगर ओता आणि ३ ग्रॅमच्या बाटलीत आणखी सोडा टाका. प्रत्येकीत काय उरले आहे हे फेस सांगेल. पण ओतण्याआधी, १२ ग्रॅमच्या बाटलीतला फेस पूर्ण थांबेपर्यंत किती मिलिलिटर व्हिनेगर लागेल, हे मुलीला वहीत लिहून ठेवायला सांगा.

झटपट_उत्तर

माझी चूक मान्य आहे. फुग्याच्या रबराबद्दलचेही चुकलेच, कारण तेच फुगे तोंडाने याहून मोठे फुगतात, हे मला लिहिताना सुचले नाही.

कैरीचे_पन्हे

बाटल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी दोन्ही गोष्टी केल्या.

आधी ४ ग्रॅम सोड्याची नवीन बाटली, मुलीच्या पहिल्या मताची परीक्षा म्हणून. परीघ ४० सेंटिमीटर भरला, ४५ नाही. तिने काही न बोलता पहिल्या मतावर काट मारली.

मग १२ ग्रॅमची जुनी बाटली. तिचा हिशेब असा: १२ वजा ५.६, उरला ६.४ ग्रॅम सोडा. भागिले ८४, म्हणजे ०.०७६ मोल, गुणिले ६०, म्हणजे ४.५७ ग्रॅम आम्ल. ४ टक्क्यांच्या व्हिनेगरचे ११४ मिलिलिटर. हे वहीत लिहून तारीख घातली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे १० मिलिलिटरचे टोपण घेऊन आम्ही एकेक टोपण ओतत गेलो. पहिल्या आठ टोपणांना फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत आला, नवव्या-दहाव्याला मंदावला, अकराव्याला कडेने थोडे बुडबुडे आले आणि बाराव्या टोपणानंतर हलवूनही काही उठले नाही. बाटली हाताला चांगली गार लागत होती, हे मात्र आम्हाला अपेक्षित नव्हते. त्याचा वेगळा धागा काढते.

३ ग्रॅमच्या बाटलीत व्हिनेगर ओतले तेव्हा काहीच झाले नाही, आणि चिमूटभर सोडा टाकल्याबरोबर ती फसफसली.